मुलं जगू लागली म्हणून लोकसंख्या फुगली की आटली?

खाडीपलीकडचा (गुहागर) | रवि, रात्री ९:४०

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका काकांनी टाकलं : "लसी आल्या, दवाखाने आले, मरायची ती पोरं जगली आणि लोकसंख्या देशाच्या बोकांडी बसली. पूर्वी निसर्ग आपोआप समतोल राखायचा." खाली पटापट अंगठे. तिथे वाद घातला तर यंदा गणपतीत आरतीला बोलावणार नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

काकांचं म्हणणं साफ खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ साली १२१ कोटी. या साठ वर्षांत बायकांना आधीपेक्षा जास्त मुलं व्हायला लागली, असं काही झालं नाही. सुरुवातीची बरीच वर्षं मुलं व्हायची तेवढीच होत होती, फक्त मरायची थांबली. देवीची लस घरोघर पोचली, हिंवतापासाठी डीडीटीची फवारणी झाली, पटकीची साथ आली तरी गाव ओस पडेनासं झालं.

पण काका तिथेच थांबले, पुढची पानं उलटलीच नाहीत. १९७१ मध्ये आपल्याकडे जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, आणि एका बाईला सरासरी ५.२ मुलं व्हायची. १९९१ ला हे आकडे ८० आणि ३.६ झाले. २०२० ला २८ आणि २. म्हणजे मुलं जगायला लागली तशी ती कमी जन्माला यायलाही लागली, फक्त जरा उशिराने. मधल्या उशिराच्या काळात जी वाढ झाली तीच काकांना दिसते.

आणि 'निसर्गाचा समतोल' म्हणजे नेमकं काय, तेही एकदा स्पष्ट बोलू या. सहा बाळंतपणं आणि त्यातली दोन-तीन पोरं पुरलेली. शिवाय त्या सहांपैकी एखाद्या खेपेला आईच गेलेली.

आता आमच्या जिल्ह्याचं बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, २०११ ला १६ लाख १५ हजार. चक्क घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. यात मुंबईला जाणारे आहेतच, पण वाडीतले पाळणेही कमी झालेत. मुलं वाचवल्याने लोकसंख्या वाढतच राहते हे खरं असतं, तर आम्ही आज दाटीवाटीत राहिलो असतो. इथे आमच्या घरांना कुलपं आहेत.

माझा प्रश्न असा, की मुलं जगण्यामुळे जन्म कमी होतात, की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कशामुळे होतात? तुमच्या घरातलं, गावातलं काय आठवतं?

---

नारळफोड्या | रवि, रात्री १०:०५

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

---

आकडेमोड (पुणे, मूळ राजापूर) | रवि, रात्री ११:३०

धागा चांगला, पण दोन रेषा बरोबर खाली उतरल्या म्हणजे एकीने दुसरीला ओढलं असं होत नाही. आपण भारताचे शेवटचे पन्नास वर्षांचे आकडे बघतो म्हणून ते इतकं सरळ वाटतं. युरोपात जा, लगेच गोंधळ उडतो.

फ्रान्समध्ये जन्म कमी व्हायला लागले ते राज्यक्रांतीच्या आसपास, अठराव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा तिथे चारातलं एक बाळ पहिल्या वर्षातच जात होतं. म्हणजे मुलं वाचायला लागण्याच्या आधीच लोकांनी हात आखडला. इंग्लंडचं बघा. तिथला जन्मदर १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उतरला, पण बाळांचा मृत्युदर हजारी दीडशेच्या आसपास १९०० पर्यंत तसाच रेंगाळत होता. स्वीडनमध्ये बरोबर उलटं झालं. बाळांचे मृत्यू शंभर वर्षं हळूहळू कमी होत होते, आणि जन्म कमी व्हायला १८८० उजाडलं.

१९६३ च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲन्सली कोल यांनी युरोपातल्या शेकडो प्रांतांचे जुने दप्तर तपासायचा मोठा प्रकल्प सुरू केला. अपेक्षा अशी, की जिथे बालमृत्यू आधी घटले तिथे जन्मही आधी घटलेले दिसतील. तसा सरळ नियम काही सापडला नाही. कुठे बालमृत्यू प्रचंड असताना जन्म घटले, कुठे कमी झाल्यावरही घटले नाहीत. शेजारचे एका भाषेचे प्रांत मात्र साधारण एकाच वेळी बदलले. यावरून कोल यांनी तीन अटी मांडल्या. मुलं किती हवीत हे आपण ठरवू शकतो, हा विचारच मुळात मनात यायला हवा. कमी मुलं असण्यात आपला फायदा आहे असं वाटायला हवं. आणि त्याचं साधन हाताशी हवं.

पहिली अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'देवाने दिली तेवढी' म्हणणाऱ्या घरात मृत्युदर कितीही उतरवा, फरक पडणार नाही.

---

खाडीपलीकडचा | सोम, सकाळी ७:१५

@आकडेमोड, इंग्लंडचं उदाहरण नेहमी येतं, पण त्यात एक मेख आहे. तुम्ही पहिल्या वर्षातले मृत्यू धरलेत. एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू तिथे १८७० च्या आसपासपासूनच घटू लागले होते, लोहितांग ज्वरासारखे (स्कार्लेट फीवर) रोग सौम्य पडल्यामुळे. आईबाप काही पहिल्या वाढदिवसाचा आकडा घेऊन बसत नाहीत. 'हातातोंडाशी आलेली किती' हे ते बघतात. त्या हिशेबाने इंग्लंड एवढं कोड्यात टाकत नाही.

फ्रान्स मात्र खरंच अपवाद, ते मान्य. पण माझं म्हणणं मी असं मांडेन : मुलं जगणं हे जन्म कधी घटतील याचं घड्याळ नव्हे. ते कधी शाळेने ठरतं, कधी वारसाहक्काने, कधी शेजारणीने. पण हजारी दीडशे-दोनशे बाळं मरत असताना दोन मुलांवर येऊन टिकलेला एक देश दाखवा. फ्रान्सही नाही.

आणि आपण घरातल्या निर्णयाबद्दलच बोलतोय, शरीर विसरलो. अंगावर पिणारं बाळ असलं की आईला बरेच महिने पाळी येत नाही, दिवस राहत नाहीत. ते बाळ गेलं की दूध आटतं आणि पुढचं बाळंतपण लवकर येतं. यात कोणी काही ठरवलेलं नसतं. घाईने आलेलं पुढचं मूल मुळात अशक्त, तेही दगावण्याची भीती जास्त. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या बव्हेरियात बाळांना अंगावर न पाजता वरचं भरवायची रीत होती. तिथे बाळं भरमसाट मरायची आणि बाळंतपणंही लागोपाठ यायची. नुसतं अंगावर पाजण्याने दोन्ही आकडे हलतात. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

---

सिस्टरबाई (निवृत्त, खाडीपट्टा) | सोम, दुपारी २:५०

मी जिल्हा परिषदेच्या उपकेंद्रात नर्स होते. ऐंशीच्या दशकात लागले तेव्हा आमच्या माथ्यावर नसबंदीच्या ऑपरेशनचं टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की साहेब रोज विचारणार, किती केसेस झाल्या? आणि आम्ही वाड्या-वाड्या पालथ्या घालणार. १९९६ ला ती टार्गेटं गेली, बरं झालं.

'देवाने दिली तेवढी' हे मी फार कमी ऐकलं हो. बायका ते पुरुषांसमोर आणि सासूसमोर म्हणायच्या. पडवीतून उठून मला सोडायला पाखाडीपर्यंत यायच्या, तिथे खरं बोलायच्या. आणि खरं काय, तर "बाई, मला नकोत आता. पण धाकट्याला गोवर येऊन जाऊ दे. मग बघू." हे वाक्य मी घरोघर ऐकलंय. गोवर येऊन गेला की पोर आपलं, तोवर देवाचं. तिला दोनच मुलगे हवे असायचे, पण दोन हवे तर तीन-चार पदरात असावे लागायचे, कारण कुठला राहील याचा भरवसा नाही. याला तुम्ही पुस्तकात काय म्हणता ते मला माहीत नाही.

पंच्याऐंशीनंतर गोवराची लस नियमित यायला लागली. शीतपेटी डोक्यावर घेऊन तरीतून जायचं, पावसात बर्फ वितळायच्या आत. तेव्हा लोक सुईला घाबरायचे, ताप येतो म्हणून दार लावून घ्यायचे. लस आली आणि लगेच ऑपरेशनं वाढली, असं मुळीच झालं नाही. मध्ये बरीच वर्षं गेली. वाडीत एकाही घरातून पोर जायचं नाही अशी काही वर्षं ओळीने जावी लागली, तेव्हा बायकांना खरं वाटायला लागलं. नंतर एकदा एक बाई शिबिरात आली, कागदावर अंगठा द्यायच्या आधी तिने पिशवीतून धाकट्याचं लसीचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "ह्याच्या सगळ्या सुया झाल्या ना? नीट बघा." मी बघितलं, सांगितलं झाल्या. मग अंगठा दिला.

आणि धनुर्वात. सुईण विळ्याने नाळ कापायची, वर राख लावायची. पाच-सहा दिवसांचं बाळ दूध ओढेनासं व्हायचं, जबडा घट्ट, अंग धनुष्यासारखं. पाचवी-सटी उलटली की म्हाताऱ्या जरा निर्धास्त व्हायच्या, ते काही उगाच नव्हतं. आम्ही सुईणींना नवं ब्लेड, धागा, साबण द्यायला लागलो, गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं. माझ्या डोळ्यांदेखत तो आजार गेला. २०१५ साली देशातूनच गेल्याचं जाहीर झालं.

---

गजालीवाली (मालवण) | सोम, सायंकाळी ६:२०

सिस्टरबाय, बरा लिवलास.

माझ्या आजयेक अकरा पोरां झाली, जगली पाच. कोणी इचारला, "म्हातारे, पोरां किती?" तर ती सांगी, पाच. मेलेल्यांचा नाव कधी घेय नसे. एकाचाच घेय, तां चार वर्षांचा होऊन गेला म्हणान. मगे माझ्या आवशीक चार झाली, चारय जगली. माका दोन. माझ्या चेडवाक एकच, आणि ता म्हणता, आये, आता पुरे.

आजी अक्षर वाचूक शिकली नाय. आवस चौथी शिकली. मी मॅट्रिक. चेडू बँकेत आसा. आता ह्यातला काय कशामुळे झाला ता तुमी शिकलेल्यांनी ठरवा.

---

आकडेमोड | सोम, रात्री ८:००

@गजालीवाली, तुम्ही एका परिच्छेदात माझं अख्खं म्हणणं मांडलंत. शिकलेली आई मुलाला वेळेवर दवाखान्यात नेते, पाणी उकळते, सासूला 'नाही' म्हणू शकते. तीच आई किती मुलं हवीत हेही ठरवते. जॉन कॉल्डवेल या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये नायजेरियातल्या अभ्यासातून दाखवलं, की आईच्या शिक्षणाचा मुलं जगण्याशी फार घट्ट संबंध आहे, नवऱ्याची नोकरी आणि कमाई जमेस धरूनही. केरळात हेच दिसतं. म्हणजे तिसरीच गोष्ट दोन्ही रेषा खाली ओढत असेल, तर बालमृत्यूला सगळं श्रेय कसं देता?

---

सिस्टरबाई | सोम, रात्री ९:१०

श्रेय कोणाला ते तुम्ही बघा. मी ज्या बायकांचं लिहिलं त्यातल्या निम्म्या सही करू शकत नव्हत्या. अंगठ्याच होत्या.

---

खाडीपलीकडचा | सोम, रात्री ९:२५

सिस्टरबाईंनी दिलेला मुद्दा मोठा आहे. भारतात जन्मदर उतरला तो बऱ्याच प्रमाणात न शिकलेल्या बायकांमुळेच उतरला, त्यांनी दोन-तीन मुलांवर ऑपरेशन करून घेतलं. आजही महाराष्ट्रात लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांनी नसबंदी केलेली असते. आणि ते ऑपरेशन उलटवता येत नाही असंच सगळे धरून चालतात. गोळ्या बंद करता येतात, हे नाही. ज्या देशात मुख्य साधनच कायमचं आहे तिथे 'आहेत ती जगतील' हा भरवसा आधी लागणारच. युरोपात तसं नव्हतं, तिथे संयम आणि सावधगिरीवर काम चालायचं, मूल गेलं तर पुन्हा होऊ देता यायचं. म्हणून युरोपचा नियम (किंवा नियम नसणं) इथे जसाच्या तसा लावू नये असं मला वाटतं.

---

मोडीवाचक (चिपळूण) | मंगळ, सकाळी १०:४५

कुणबी दाखल्यांसाठी हल्ली सगळे जुनी कोतवाल बुकं काढतायत. गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. मोडी वाचता येते म्हणून लोक माझ्याकडे घेऊन येतात. ते आपले जातीचा रकाना बघतात आणि निघून जातात. मी वयाचा रकाना बघत बसतो.

पानंच्या पानं अशी आहेत : वय तीन दिवस, वय अडीच महिने, वय एक वर्ष, मग मध्येच वय साठ, पुन्हा वय आठ दिवस. कारणाच्या जागी बहुतेक ठिकाणी नुसतं 'ताप'. कुठे 'देवी', कुठे 'पटकी', कुठे 'हगवण'. आठ दिवसांच्या बाळाच्या कित्येक नोंदींत नावच नाही, बापाचं नाव लिहून पुढे 'मुलगी' किंवा 'मुलगा'. आणि जन्माच्या पानांवर तेच बाप वर्षा-दीड वर्षाने परत भेटतात. खाडीपलीकडच्यांनी शरीराचं जे लिहिलंय ते मला इथे दिसतं. मूल गेल्याची नोंद सापडली, की पुढची जन्माची नोंद फार लांब शोधावी लागत नाही.

जगलेल्यांत धोंडू, दगडू, भिकू किती, ते सांगायला नको. आधीची गेली म्हणून पुढच्याचं नाव ओबडधोबड ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागू नये. माझ्या पणजोबांचं नाव धोंडू, आजोबांचं भिकाजी. वडिलांपासून सुरेश-रमेश सुरू.

---

गिरणगावकर (लालबाग, मूळ संगमेश्वर) | मंगळ, दुपारी १:००

कोकणावर धागा आणि मुंबईचं कोणीच काढत नाही? निम्मं कोकण तिथेच होतं की.

१९२१ च्या सुमारास मुंबई शहराचा बालमृत्युदर कागदोपत्री हजारी सहाशेच्या वर गेला होता. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर त्याहूनही वाईट. बाई गिरणीत उभी, तान्हं घरी. रडू नये म्हणून बाळागोळी द्यायचे, तिच्यात अफू. बाळ गप्प झोपून राहायचं, अंगावर प्यायचंही नाही. हे त्या वेळच्या सरकारी चौकशांत आलेलं आहे.

---

आकडेमोड | मंगळ, दुपारी १:४०

त्या सहाशेच्या आकड्यात आपल्याच लोकांची एक गंमत दडलेली आहे. गंमत म्हणवत नाही, पण हिशेब म्हणून बघा. बाळंतपणाला बाई जायची माहेरी, म्हणजे संगमेश्वर, देवरुख, राजापूर. जन्माची नोंद तिकडे. चार-सहा महिन्यांनी बाळ घेऊन ती मुंबईला परत, आणि बाळ दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. दर काढताना वर मुंबईतले मृत्यू आणि खाली फक्त मुंबईतले जन्म, मग आकडा फुगणारच. म्हणजे चाळीतली परिस्थिती भयानक होती यात शंका नाही, पण सहाशे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. आणि याच कारणाने त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्याचे आकडे खऱ्यापेक्षा बरे दिसणार.

---

चाकरमानी (डोंबिवली) | मंगळ, दुपारी ३:३०

अजून एक साधन तुम्ही विसरलात : बोटीचं तिकीट. नवरा मुंबईत, बायको गावी. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत २०११ लाही ११२२ बायका होत्या. तो येणार शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. बाकी वर्षभर मनीऑर्डर येणार. कोकणात याने आपोआप अंतर पडत असणार, घाटावर एवढं नाही. आमच्या घरात अर्ध्या लोकांचे वाढदिवस ज्येष्ठातले आहेत. भाद्रपदापासून मोजा.

---

नारळफोड्या | मंगळ, दुपारी ३:३४

मोजलं. :)

---

मुरुडकर (दापोली) | मंगळ, रात्री १०:१५

एवढे प्रतिसाद झाले आणि र. धों. कर्व्यांचं नाव नाही? ते आमच्या मुरुडचे. जन्म १८८२. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. वडील धोंडो केशव पुढे विधवांच्या शिक्षणासाठी झटले, मुलगा संततिनियमनाकडे वळला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी, म्हणजे आपण मागे नव्हतो. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले.

आता हेही बघा. रमाबाई आंबेडकर दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. बाबासाहेब स्वतः आईबापांचं चौदावं अपत्य. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आणला, तो फेटाळला गेला. म्हणजे ज्यांनी घरात इतके मृत्यू बघितले, तेच जन्म कमी व्हावेत म्हणून बोलत होते. खाडीपलीकडचे, तुमच्या 'आधी भरवसा, मग कमी मुलं' या क्रमात हे कुठे बसतं?

---

खाडीपलीकडचा | मंगळ, रात्री ११:००

बसत नाही, आणि बसवायचा हट्टही नाही. विचार करणारी माणसं काळाच्या पुढे असतातच. त्यांनी 'ठरवता येतं' हे सांगितलं, म्हणजे आकडेमोड यांची पहिली अट. पण कर्व्यांच्या केंद्रात रांगा लागल्या नाहीत, हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. एकतर लाज, दुसरं म्हणजे साधनं महाग. पण मुलं तशीच मरत असताना सामान्य घर थांबणार कसं? कर्वे १९५३ मध्ये गेले. सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो १९५२ ला. जन्मदर ठळकपणे उतरायला आणखी वीस वर्षं.

उलट जबरदस्तीने काय होतं तेही आपण बघितलंय. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. त्यानंतर पुरुष त्या ऑपरेशनच्या जवळपास फिरकेनासे झाले, ते आजतागायत. सगळा भार बायकांवर गेला.

---

परखड_बोल | बुध, सकाळी ९:०५

हे सगळं ठीक. पण एका विशिष्ट समाजाला कोण सांगणार? त्यांचा दर कधी कमी होणार?

---

हर्णैबंदर | बुध, सकाळी ९:५०

त्या 'विशिष्ट' समाजातलाच मी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा : मुसलमान बाईमागे १९९२-९३ मध्ये ४.४ मुलं, २०१९-२१ मध्ये २.४. सगळ्या धर्मांत जास्तीत जास्त घट इथेच आहे. आमच्या मोहल्ल्यात आजी आठ, आई चार, आम्ही दोन. वरच्या मालवणच्या ताईंच्या घरात आणि आमच्या घरात फरक फक्त मसाल्याचा.

---

खाडीपलीकडचा | बुध, सकाळी १०:१०

@परखड_बोल, उत्तर मिळालंय. त्यावर काही आकडे असतील तर द्या, नाहीतर पुढे जाऊ.

---

पहिलटकरीण (देवगड) | बुध, रात्री ९:३०

सातवा महिना चालू आहे, म्हणून हा धागा एका दमात वाचला. कोतवाल बुकाचा प्रतिसाद रात्री वाचायला नको होता.

आमच्या पिढीत मूल जगेल का हा विचारच येत नाही, सरळ शाळेच्या फीचा विचार येतो. गावातली शाळा पट नाही म्हणून बंद व्हायच्या वाटेवर आहे, मग इंग्रजी शाळेची गाडी, तिचं भाडं. एकच मूल पुरे असं आमचं ठरलंय, आणि सासूबाई म्हणतात, "एकावर कोणी थांबतं का गो? एक डोळा तो डोळा नव्हे." त्यांच्या दोन बहिणी लहानपणी गेल्या हे मला परवाच कळलं. मग त्यांचं बोलणं वेगळं ऐकू आलं.

---

आकडेमोड | बुध, रात्री १०:२०

हा उशीर असाच असतो. मृत्युदर आज उतरतो, पण माणूस आपल्या लहानपणी बघितलेल्या मृत्यूंवरून अंदाज बांधतो. म्हणून सासूचा अंदाज एक पिढी मागचा.

आणि खाडीपलीकडचे, तुमच्या काकांसाठी एक मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवून ठेवा. एक मूल वाचलं की एक जन्म टळला, असा सरळ हिशेब बहुतेक अभ्यासांत निघत नाही. एकापेक्षा कमीच टळतो. त्यामुळे फक्त मुलं वाचवली आणि बाकी काहीच केलं नाही, तर काही काळ लोकसंख्या वाढतेच. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत आज ते दिसतं : बालमृत्यू झपाट्याने घटले, जन्म सावकाश घटतायत. शाळा, साधनं आणि बाईच्या हातात निर्णय, हे बरोबर आलं तरच दुसरी रेषा वेगाने उतरते. २०१९-२१ च्या पाहणीत एका बाईमागे गोव्यात १.३ मुलं होती, महाराष्ट्रात १.७. इथे हे सगळं एकदम आलं म्हणून.

---

मोडीवाचक | बुध, रात्री १०:४०

शाळांच्या पटसंख्येवर वेगळा धागा काढा कोणीतरी. इथे घातला तर हा धागा शंभरी गाठेल आणि मूळ विषय बुडेल.

---

खाडीपलीकडचा | बुध, रात्री ११:०५

काढतो. शनिवारपर्यंत.

---

सिस्टरबाई | गुरु, सकाळी ६:४५

@पहिलटकरीण, एक की दोन ते तुमचं तुम्ही बघा, सासूबाईंचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. दुसरं हवंच असेल तर दोन बाळंतपणांत चांगलं तीन वर्षांचं अंतर ठेवा. दोन वर्षांच्या आत आलेलं बाळ जास्त दगावतं, हे मी बघितलंय आणि तुमच्या पाहण्यांतही तेच येतं. इथे सगळे मुलं जगली म्हणून जन्म कमी झाले असं लिहितायत, त्याची दुसरी बाजू ही, की जन्मांत अंतर पडलं म्हणूनही मुलं जगली.

आणि धोका संपला असं समजू नका. आता जी बाळं जातात त्यातली बहुतेक पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरी बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ ला ते जगभर छापून आलं. आज आशाताई घरी येते ती त्यातूनच. दवाखान्यात बाळंत झालात तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने यायला हवं. वजन करेल, ताप बघेल, नाळ बघेल, श्वास मोजेल. माहेरी गेलात तर तिथल्या आशाला तुमचं नाव आधीच कळवून ठेवा, नाहीतर दोन्ही गावांच्या मध्ये तुम्ही राहून जाल. मुंबईच्या आकड्यांचं झालं तेच.